आजारी माणूस बरा झाला

४ ऑगस्ट, मंगळवार

मोठ्या बाईंनी गाणी ऐकवायला खोली दिली! जिन्याखालची, जिथे मोडक्या खुर्च्या टाकायचं चाललं होतं तीच. मोठ्या बाई म्हणजे आमच्या ग्रंथपाल. अंगाने एवढ्याशा आहेत, पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपणच खुजे होतो. माझा अर्ज त्यांनी ओलं फडकं धरावं तसा दोन बोटांत धरला होता.

"‘ऐकणं हाही वाचनाचाच एक प्रकार आहे.’ हे तुमचं वाक्य?"

"हो."

"मग दुपारचं पेंगणं हाही असेल. आपले निम्मे वाचक त्यात पारंगत आहेत."

पण दिली. कुणीतरी देणगी दिलेली म्युझिक सिस्टिम कपाटात धूळ खात होती, तीही दिली. तिच्यात कॅसेट आणि सीडी दोन्ही चालतात. अट एकच, ऑक्टोबर संपेपर्यंत लोक यायला लागले नाहीत तर खोली खुर्च्यांची.

पहिल्या कार्यक्रमाला काय लावायचं याचा मला विचारसुद्धा करावा लागला नाही. माझी टेप. इथे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून वहीतच लिहिते.

मी पंधरा वर्षांची असताना जहाजावर काम करणारा मावसभाऊ ती आमच्याकडे विसरून गेला. डबीवरच्या चित्रात उघड्या माळावर पडलेली एक गादी. आई म्हणाली होती, "उन्हात टाकलीच आहे तर निदान झटकून तरी टाकायची." आत चार पोरं, फरशीवरून पत्रे ओढल्यासारख्या गिटारी, आणि एक खोल, घोगरा, तापात बोलल्यासारखा थरथरता आवाज. या प्रकाराला ग्रंज म्हणतात हे कॉलेजात गेल्यावर कळलं. घरात त्याला नाव नव्हतं. बाबा फक्त गायकाला ‘आजारी माणूस’ म्हणायचे. संध्याकाळी हात धुऊन आले की दारातून विचारायचे, "काय, तुझा आजारी माणूस उठला का आज?" आणि दार ओढून घ्यायचे. त्यांना तो आवाज सहन व्हायचा नाही.

शब्द निम्मे कळायचे नाहीत. कळायचे तेही मी चुकीचेच घेतले असणार. पण वर्गात तोंडातून शब्द न फुटणाऱ्या मुलीला त्या टेपने सांगितलं की आत धुमसत राहणं हे काही व्यंग नाही. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं ऐकताना मी ठरवलं की शिकायचं, घरात कुणी शिकलं नाही तेवढं. अशी एखादी टेप इथल्या कुणालातरी मिळावी एवढीच माझी इच्छा आहे.

ती घरी माझ्या खोलीतच आहे, टेपरेकॉर्डरमध्ये. नोकरीसाठी इकडे येताना घाईत राहिली असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मुद्दाम ठेवली. माझं काहीतरी तिथे राहावं म्हणून.

९ ऑगस्ट, रविवार

फोनच्या बूथवर ही मोठी रांग. आईला म्हटलं, मामा दर आठवड्याला मालाच्या गाडीबरोबर इकडे येतो, त्याच्याकडे टेप दे.

"बाबांना विचारते."

"टेप माझी, त्यांना काय विचारायचं?"

"विचारायला काय जातं गं!"

मागे बाबांचा खोकला ऐकू आला. म्हटलं, दे ना त्यांना फोन. आईने रिसीव्हरवर हात ठेवला असावा. मग म्हणाली, "हात तेलाचे आहेत म्हणतात." बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात. फोन वाजला की त्यांचे हात नेमके तेलाचे असतात.

१३ ऑगस्ट

घरमालकीणबाई दारापलीकडूनच बोलतात. "आलीस का?" "आले." "दिवा बंद कर हं." एवढंच आमचं संभाषण. जेवण मी ओट्याशी उभ्यानेच उरकते, एकटीसाठी ताट घेऊन बसायला कसंतरी वाटतं. भिंतीपलीकडचं कुटुंब रोज एकाच वेळी हसतं. बहुतेक टीव्हीवर काहीतरी लागत असेल. मी माझा चहा त्याच वेळी करायला लागले आहे.

२३ ऑगस्ट, रविवार

मामा येऊन गेला. टेप नाही. आई म्हणते, "बाबा म्हणाले, मामाचा काय भरवसा, पेट्यांखाली चिरडून आणेल."

"मग टपालाने पाठव."

"टपालात तर ठोकतातच गं शिक्के."

मी विचारलं, बाबा कुठे आहेत? "तुझ्या खोलीत. हल्ली संध्याकाळी तिथेच बसतात काम घेऊन. दार लावून घेतात."

म्हणजे खोलीचं वर्कशॉप झालं. मी निघून अजून दोन ऋतूही उलटले नाहीत. मला राग आला नाही, जागा रिकामी ठेवून काय करायची? त्यांना पुढच्या खोलीत उजेड कमी पडतो. हे सगळं मला समजतं. तरी बूथमधून बाहेर पडल्यावर मी उलट्या दिशेने बरीच लांब चालत गेले.

६ सप्टेंबर, रविवार

आज नवीन कारण. "बाबा म्हणतात, टेप जुनी झालीय. प्रवास सोसणार नाही."

टेप आहे की पणजी?

माझी खात्री झाली आहे. ती टेप आता नाहीच. कुणाला देऊन टाकली असेल, नाहीतर तिच्यावर दुसरंच काही भरलं असेल आणि मला सांगायची हिंमत होत नसेल. टेपचं एवढं नाही. पण ती तिथे असेल तर मी तिथे आहे, असं मी धरून चालले होते. पदवी मिळाल्यापासून आई मला चहाचा कप बशीतून देते. पाहुण्यांना देतात तसा. तेव्हाच कळायला हवं होतं.

११ सप्टेंबर

खोली उघडून आठवडा झाला. एकूण श्रोते एक. त्या बाई आधी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. पंख्याखालची खुर्ची पकडून विणत बसतात. मी विचारलं, काय ऐकायला आवडेल?

"काही नको. जन्मभर कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचं ऐकलं. आता पंखा ऐकते."

"पण ही ऐकण्याची खोली आहे."

"मग मी ऐकतेच आहे की. तुझा पंखा कुरकुरतो."

मोठ्या बाईंनी दारातून डोकावून खोलीची लांबी-रुंदी नजरेने मोजली. खुर्च्या किती बसतील ते पाहत असणार.

१९ सप्टेंबर, शनिवार

आज अचानक भाग्य उजळलं. बसथांब्यामागच्या बोळात गाण्यांचं एक दुकान आहे. मालक पिकल्या केसांची शेपटी बांधतो. त्याच्या कोपऱ्यातल्या खोक्यात गादी दिसली! तीच, माळावरची. सीडी. मी ती छातीशी धरून आणली. माझ्या भाड्याच्या खोलीत वाजवायला काही नाही, त्यामुळे सोमवारपर्यंत नुसतं चित्र पाहायचं. पाठीमागची गाण्यांची नावं पहिल्यांदाच नीट वाचली. एकाचंही नाव मला वाटलं होतं तसं नाही.

२१ सप्टेंबर, सोमवार

खूप वाईट दिवस.

ग्रंथालय उघडायच्या आधी सीडी लावली. ही ती गाणी नव्हेत. म्हणजे तीच आहेत, पण कुणीतरी पाठीमागे लागल्यासारखी पळतात. गिटारी बारीक. आणि तो आवाज! एक ठणठणीत तरुण मुलगा, कपभर दूध पिऊन आल्यासारखा. थरथर नाही, घोगरेपणा नावापुरता. आजारी माणूस बरा झाला होता, आणि मला त्याचा भयंकर राग आला.

जेवणाच्या सुटीत सीडी घेऊन दुकानात गेले. म्हटलं, खराब निघाली, वेगात वाजते. शेपटीवाल्याने लावून ऐकली. मान डोलावली. दुसरी प्रत काढून लावली. तेच.

"ताई," तो म्हणाला, "माल खराब म्हणणारी गिऱ्हाइकं रोज येतात. बँडलाच गाणं येत नाही म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"मी हे शेकडो वेळा ऐकलंय. माझी चूक होणं शक्य नाही."

"कशावर ऐकलंय?"

"घरच्या टेपरेकॉर्डरवर."

"मग तो हळू चालत असणार. आतला पट्टा सैल झाला की गायक म्हातारा होतो."

मी त्याला सुनावलं की माझे वडील यंत्रांचेच कारागीर आहेत, आमच्या घरात काही सैल राहत नाही. तो म्हणाला, "मग त्यांनाच विचारा की." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

परत येताना मध्येच आठवलं. मी दहावीत असताना टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला होता. तसा पट्टा कुठे मिळेना. मी तीन दिवस कुणाशी बोलले नव्हते. बाबांनी त्यांच्या डब्यातली कसली तरी रबराची पट्टी कापली, दोन्ही टोकं चिकटवून कडं केलं आणि बसवलं. "चालतंय का बघ," म्हणाले. चाललं. मी आनंदाने उडीच मारली. आधी कसं वाजायचं ते तेव्हाच विसरले असणार. ती थरथर त्या सांध्याची. सांधा चाकावरून गेला की गायकाचा आवाज कापायचा.

म्हणजे जगात कुणीही ऐकला नाही असा अल्बम मी ऐकत होते. शिकायचं ठरवलं ते गाणं, तसं, कुणी गायलंच नव्हतं.

२४ सप्टेंबर

विणणाऱ्या बाईंना सांगितलं सगळं. कुणालातरी सांगायलाच हवं होतं. सुया न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं.

"मग तुझं ते हळूवालं कसं होतं? म्हणून दाखव."

मी तोंड उघडलं आणि मला येईना. सीडीचाच वेग तोंडात बसला होता. दोनदा प्रयत्न केला. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "घशाशी आलेलं असं ओढून काढू नये."

शनिवारी न कळवता घरी जाणार आहे. टेप असेल तर घेऊनच येईन. नसेल तर तोंडावर विचारीन.

२७ सप्टेंबर, रविवार

परतीच्या बसमध्ये लिहिते आहे. अक्षर हलेल.

काल दुपारी पोचले. आई दारातच शिलाईचं काम घेऊन बसली होती, तोंडात टाचण्या. मला पाहून टाचण्यांसकट "अगं बाई!" म्हणाली, गिळल्या नाहीत हे नशीब. आणि मी उंबऱ्यातच थबकले, कारण आतून ते येत होतं. माझ्या खोलीच्या बंद दारामागून. खोल, घोगरं, थरथरतं. दुसऱ्या बाजूचं पहिलं.

दार ढकललं. बाबा जमिनीवर गोणपाट पसरून बसले होते, पुढ्यात उघडलेलं मशीन, हातात तेलाची कुपी. मला पाहताच त्यांनी झटकन हात लांबवून टेप बंद केली. चोरी पकडल्यासारखे कानकोंडे झाले.

"चालतो का ते बघत होतो," म्हणाले. "पडून राहिला की चाकं धरतात."

मी एवढे दिवस टेप मागत होते, म्हणून तपासत असतील. खोली मात्र वर्कशॉप झालेली नाही. पलंगावरची चादर मी घालून गेले होते तीच. टेबलावर माझी पुस्तकं तशीच. सामान सगळं त्या गोणपाटाच्या आत, एक स्क्रूसुद्धा बाहेर नाही. गोणपाटाबाहेरची फरशी पुसलेली.

मग मी त्यांना माझा शोध सांगितला. अगदी उत्साहाने. वेग म्हणजे काय, सूर का उतरतो, सांध्यामुळे आवाज का कापतो, सगळं. सीडी नेली होती, पण लावणार कशावर? म्हणून टाळ्या वाजवून खरा ताल दाखवला.

बाबा कापडाला हात पुसत ऐकत होते. बराच वेळ पुसत होते.

"म्हणजे इतकी वर्षं चुकीचंच वाजत होतं?"

"हो ना! गंमत की नाही?"

"मी जोडलेल्या पट्ट्यामुळे."

"हो, पण त्याला आता काय—"

"आधी कुणीतरी सांगायचं होतं," ते म्हणाले, आणि मशीनकडे वळले.

रात्री जेवताना आई म्हणाली, "नेणार आहेस ना टेप? ने बाई. तुझीच आहे. घर जरा शांत होईल संध्याकाळचं." बाबांनी मान वर केली नाही. पाणी मात्र दोनदा प्यायले.

सकाळी बाबांनी टेप स्वच्छ कापडात गुंडाळून टेबलावर ठेवलेली होती. आईने चहा दिला, बशीतून. मी बशी बाजूला ठेवली आणि नुसता कप धरला, चटका बसला. टेपकडे पाहिलं. मग म्हटलं, राहू दे इथेच. टेप जुनी झालीय, प्रवास सोसणार नाही.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "तेही खरंच आहे."

खरं तर मी तिच्यासाठीच गेले होते. का नाही आणली ते मला नीट सांगता येणार नाही. सीडी आहेच म्हणा.

३ ऑक्टोबर, शनिवार

कार्यक्रम झाला. श्रोते: विणणाऱ्या बाई, दोन कॉलेजची मुलं जी चुकून आली होती आणि लाजेने उठली नाहीत, आणि आमचे रखवालदार, जे पहिल्या गाण्यात झोपले. त्या गाण्यांत झोपता येतं हे मला माहीत नव्हतं. मोठ्या बाई शेवटपर्यंत दारात उभ्या होत्या. मी सुरुवातीला छोटं भाषण केलं, त्यात ‘प्रामाणिक’ हा शब्द फार वेळा आला.

संपल्यावर एक मुलगा म्हणाला, "मस्त होतं. पुन्हा लावाल का?" मी हो म्हटलं. आनंद व्हायला हवा होता. पण ऐकताना मला सतत वाटत होतं की हा धडधाकट मुलगा माझ्या ओळखीचा नाही, आणि जो ओळखीचा आहे तो लांब एका खोलीत गोणपाटाशेजारी आहे.

मोठ्या बाई म्हणाल्या, "खुर्च्या कमी पडल्या असत्या, चुकून कुणी आलं असतं तर. त्या मोडक्या आणून ठेवा इथे. बसणाऱ्याला आधी सांगा म्हणजे झालं." मला वाटतं खोली राहिली.

बोळातून घरी येताना कुणालातरी सांगावंसं वाटलं. बूथ बंद होता.

१४ ऑक्टोबर, बुधवार

हे नीट, आठवेल तसंच्या तसं लिहायचं आहे.

दुपारी वाचनकक्ष भरलेला असताना मोठ्या बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी तो हाताच्या अंतरावर धरून मला खूण केली. "तुमचा. आणि हळू."

"हॅलो?"

"मी बोलतोय."

"कोण?"

"बाबा."

बाबांनी मला कधीच फोन केलेला नाही. मी घाईने विचारलं, "आई बरी आहे ना?"

"हो हो, ती बरी आहे. बाजारात गेलीय." मग नुसता श्वास. "पट्टा बदलला. खरा मिळाला शेवटी, मोठ्या बाजारात. बसवला. आता तुझ्या सीडीसारखंच वाजतं."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुझा आजारी माणूस बरा झाला," ते म्हणाले, आणि एकटेच हसले.

"आणि जुना पट्टा, बाबा?"

"ठेवणार होतो. काढताना सांध्यातच तुटला. वाळला होता." मग म्हणाले, "तू म्हणालीस चुकीचं वाजतं, म्हणून म्हटलं, दुरुस्त करून टाकू. कुणाचं काम असं अर्धवट ठेवलं नाही कधी. आता आठवडाभर लावून बघतोय. काम करताना हात जुळत नाहीत. मशीनचं चाक आपलं एका गतीने फिरवायची सवय आहे, आणि हा पोरगा पुढे पळतो."

"बाबा, तुम्ही ते रोज ऐकत होता?"

"रोज म्हणजे... काम असेल तेव्हा." बाबांना काम रोज असतं. "तू घरी असताना दाराबाहेर बसायचो, तेव्हाही ऐकू यायचंच की. बरं, ते सोड. फोन अशासाठी केला, की दुसऱ्या बाजूचं पहिलं. ते कसं होतं ते माझ्या डोक्यातून जायला लागलंय. नवं लावलं की जुनं पुसतं. तुला विचारावं म्हटलं. असं होतं ना?"

आणि ते गुणगुणायला लागले.

माझ्या बाबांना मी कधी गाताना ऐकलेलं नाही. शब्द अर्थातच नव्हते, नुसतं घशातून. पण वेग तोच होता, कमी नाही, जास्त नाही. खोल, घोगरा. आवाजातली ती थरथरसुद्धा त्यांनी नेमकी उचलली होती.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या ‘शांतता राखा’कडे पाहिलं आणि रजिस्टरात मान घातली. जिन्याखालून विणणाऱ्या बाई सुया घेऊन दारापर्यंत आल्या होत्या.

बाबा मध्येच थांबले.

"असंच ना?"

"असंच," मी म्हटलं. "पुढचं म्हणा."